भलताच चार्जर

१

पोहण्याच्या बाई खोटं बोलत नाहीत, हे त्यांच्या हाताखाली तलावात गटांगळ्या खाल्लेल्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं. "तुला येत नाही" हे त्या तोंडावर सांगायच्या आणि "आता आलं" हेही तोंडावरच. अशा बाई आता इस्पितळात पालथ्या पडून होत्या. कंबर आणि निम्मी पाठ भाजलेली. आणि एका कंपनीने त्यांना खोटं पाडलं होतं.

'खोटं' हा शब्द अर्थातच कुणी वापरला नव्हता. सभ्य माणसं होती ती. त्यांनी लिहिलं होतं, 'वयोमानानुसार विस्मरण होऊ शकते.'

झालं होतं ते एवढंच. बाईंची कंबर धरायची म्हणून लेकीने त्यांना शेकपट्टा आणून दिला होता. कमरेला बांधायचा, बॅटरीवर गरम होणारा पट्टा. वायरची कटकट नाही, घरभर फिरा, असं खोक्यावर लिहिलेलं. बाई गॅलरीत आरामखुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या आणि पट्ट्यातून ठिणगी उडाली. खुर्चीची गादी पेटली. शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिने हातातली बादली तशीच त्यांच्या अंगावर रिकामी केली म्हणून बाई वाचल्या.

कंपनीने तत्परता दाखवली. तिचा माणूस आला, जळका पट्टा आणि चार्जर पेटीत घालून घेऊन गेला, आणि मग खुलासा आला: चार्जर कंपनीचा नव्हताच. रस्त्यावर मिळणारा नकली माल. त्याने बॅटरी खराब झाली. चूक ग्राहकाची, कंपनीला दुःख आहे.

हे दुःख खरं की खोटं ते पाहायला, अशा अपघातांची भरपाई या कंपनीच्या वतीने भरणाऱ्या विमा कंपनीने आपली तपासनीस पाठवली. तिला कचेरीत सगळे चिमटाबाई म्हणत. एक तर तिच्या पर्समध्ये कायम चिमटा असे, आणि नसता तरी तिची जीभ होतीच. निघताना तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, "नकली चार्जर आहे, सरळ केस आहे. सही करून या."

"सही करायला मला कशाला पाठवता? शिक्का पाठवा," असं म्हणून ती निघाली होती.

कंपनीच्या चाचणीखोलीचं दार नुसतं ढकललं तरी उघडलं. कुलूप कधीचं बिघडलेलं. 'सुरक्षितता आमच्या रक्तात' अशी पाटी मात्र दारावर घट्ट बसवलेली होती. पेटी मांडणीवर होती, पारदर्शक चिकटपट्टीने बंद केलेली. तिने ती कापली. आत पट्ट्याचा काळा गोळा, आणि काळाठिक्कर पडलेला चार्जर.

तिने चिमट्याने चार्जर उचलून उजेडात फिरवला. वर काजळी, बाजूला काजळी. भिंतीतल्या सॉकेटमध्ये जातात त्या पिनांवरही काजळी, अगदी मुळापर्यंत.

तिने तो नाकाशी नेला. जळक्या प्लास्टिकचा वास यायला हवा होता. येत होता गुलाबाचा.

२

"कोण? विमावाली? या. बसा. माझं तोंड बघायचं असेल तर खाली वाका, मला वळता येत नाही." पोहण्याच्या बाईंचा आवाज उशीतून आला तरी तलावाच्या काठावरून आल्यासारखा खणखणीत होता.

लेक पलंगाशेजारी उभी होती. रडून झालेलं आणि झोप न झालेलं, दोन्ही डोळ्यांत दिसत होतं.

"चार्जर कुठला होता, बाई?" तपासनिसाने विचारलं.

"खोक्यातून निघाला तोच. दुसरा आणायला मला काय वेड लागलंय?"

"आई," लेक हळूच म्हणाली, "ते तू मागे कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी आणलं होतंस ना..."

"ते घड्याळाचे सेल होते!" पालथी पाठ थरथरली. "बघितलंत? पोटची पोर. त्यांनी एक चिठोरं पाठवलं आणि हिला वाटायला लागलं, आईचं डोकं गेलं. अंग भाजलं त्याचं काही नाही. जखम भरते. हे कसं भरायचं?"

लेकीने मान खाली घातली. तपासनिसाला सांत्वन करता येत नसे, म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला. "चार्जर असायचा कुठे?"

"भिंतीत. कायमचा. सॉकेट कपाटामागे आहे आणि इतकं घट्ट की माझ्याच्याने ओढून निघायचा नाही. नुसती वायर बाहेर काढून ठेवलेली. आले की टोक पट्ट्यात खुपसायचं."

"हे खरं आहे," लेक म्हणाली. "कंपनीच्या माणसाने दोन्ही हातांनी ओढून काढला. माझ्यासमोर."

म्हणजे आग लागली तेव्हा चार्जर घरात कपाटामागे होता आणि आग गॅलरीत. पिनांना काजळी सोडाच, तिथवर धूरही पोचला नसेल.

"टोक खुपसायला त्रास व्हायचा का? चष्मा वगैरे?"

बाई उशीत हसल्या. "चष्मा कशाला? डोळे मिटून बसायचं ते. त्याला खाली नाही, वर नाही. कसंही धरा, गप्पकन जातं. या वयात असल्या गोष्टीचं कौतुक वाटतं बघा. एवढी एकच गोष्ट त्या मेल्यांनी धड केली होती."

तपासनीस उठली. दारापर्यंत लेक तिच्या मागोमाग आली. "आई खरं बोलतेय का हो?" तिने खालच्या आवाजात विचारलं.

"तुमची आई आहे," तपासनीस म्हणाली. "मला काय विचारता?"

लेकीला आणखी काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण आतून बाईंनी हाक मारली आणि ती परत वळली. जे राहिलं, ते आधी ऐकलं असतं तर चिमटाबाई त्या दिवशी जेवायला थांबली नसती.

३

कंपनीच्या दर्शनी दालनात एक काचेचं कपाट होतं. वर पाटी: 'नकली ओळखा'. आत बाजारातून पकडलेले बनावट चार्जर किड्यांसारखे टाचून ठेवलेले. काहींचं टोक गोल, काहींचं चपटं. नकली माल करणाऱ्याला काय, हाताला येईल ते टोक लावत असेल, असं तिला वाटलं आणि ती पुढे गेली. एका ठिकाणी दोन टाचण्या रिकाम्याच होत्या, हे मात्र तिने पाहून ठेवलं.

दुरुस्ती विभागाचा प्रमुख, म्हणजे पेटी आणणारा तोच, हात चोळत बसला होता.

"तुम्ही भिंतीतून चार्जर काढलात. नकली होता का?"

"मी बघितलं नाही."

"दोन्ही हातांनी ओढलात आणि बघितलं नाहीत?"

"बघितलं की बोलावं लागतं हो," तो म्हणाला. इतका खरा सूर त्या इमारतीत तिने अजून ऐकला नव्हता. "मी पेटीत टाकलं, खाकी चिकटपट्टी लावली, मांडणीवर ठेवली. माझं काम संपलं."

"खाकी?"

"आमच्याकडे खाकीच असते."

तिने कापली ती पारदर्शक होती. म्हणजे पेटी इथेच, या इमारतीत उघडली गेली, आणि तिच्यात भलताच चार्जर पडला. दाराला कुलूप नव्हतं. शिपायापासून मालकापर्यंत कुणीही जाऊ शकत होतं.

"असे पट्टे आधी जळून आलेत?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर भिंत होती.

"दुरुस्तीला कुठले कुठले येतात?"

"सगळेच येतात. जुने, नवे. मी दोन्ही करतो." आणि मग दचकून, "म्हणजे, वापरून जुने झालेले."

प्रवक्तीची खोली वरच्या मजल्यावर. दार उघडताच गुलाबाचा भपकारा आला. टेबलावर जाड गुलाबी मेणबत्ती होती, अर्धी जळलेली. चिमटाबाईने मेणबत्तीकडे पाहिलं, मग प्रवक्तीकडे. प्रवक्तीने हसण्याची एक जागा ठरवलेली होती, तिथे ती हसली.

"ग्राहक आमचा परिवार आहे," ती म्हणाली.

"परिवारातली म्हातारी भाजली. कुणी भेटायला गेलं?"

"आम्ही सहवेदना पाठवली."

"टपालाने?"

हसण्याची जागा हलली नाही. "ही अत्यंत दुर्मिळ घटना आहे."

"दुर्मिळ म्हणजे किती वेळा घडली की दुर्मिळ?"

"तसा आकडा आम्ही देत नाही. हे बघा, तीच वस्तू आहे, पहिल्यापासून लोकांच्या विश्वासाची. फक्त खोक्यावरचे फोटो मी नवे काढून घेतले. तोंड बदललं होतं ना, मग जुने फोटो कसे चालतील?"

खोक्यावर पट्टा बांधून हसणारी एक पोरगी असायची. ती बदलली असेल, असं समजून तपासनिसाने मान हलवली.

"ही मेणबत्ती कुठली?"

"आवडली? नव्या वर्षाला सगळ्यांना दिली कंपनीने. शांततेसाठी. प्रत्येकाच्या टेबलावर आहे."

म्हणजे ज्या माणसाने चार्जर मेणबत्तीवर काळा केला तो कुणीही असू शकत होता. शांतता सगळ्यांना सारखी वाटलेली होती. जिन्यापाशी मात्र मागून कुणीतरी तिची बाही धरली आणि कानाशी कुजबुजलं: "मालकांना काही विचारू नका. त्यांना खरंच काही माहीत नसतं. आम्ही सांगतच नाही."

४

बाही धरणारा रचनाप्रमुख होता. पट्टा त्याच्या डोक्यातून निघालेला, आणि आता डोकं दोन्ही हातांत धरून तो आपल्या खोलीत बसला.

"सांगत का नाही?" तपासनिसाने विचारलं.

"नियम आहे. ते म्हणतात, मला उपाय सांगा, आजार सांगू नका. उद्या कुणी शपथेवर विचारलं तर 'मला माहीत नव्हतं' असं खरं खरं म्हणता यायला हवं."

"वा. आणि आजार काय होता?"

"आजार असं नाही म्हणता येणार. काही निरीक्षणं नोंदवली गेली. काही पावलं उचलली गेली."

"कुणी उचलली? पावलं आपोआप उचलली जात नाहीत, खाली माणूस असावा लागतो."

त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाल्यावरही काढला नाही. शिकलेला माणूस होता. त्याला आपण काय केलंय हे कळत होतं, आणि ते कर्मणी प्रयोगात सांगितलं की कमी होतं असा त्याचा समज होता.

"रचना बदललीत का तुम्ही?"

"रचना तीच. देखणेपणात थोडी सुधारणा."

मालकाची खोली सगळ्यात वर. मालक उमदा होता, भरगच्च, आवाजात तूप. खुर्चीच्या पाठीला शेकपट्टा लटकत होता आणि त्याची वायर भिंतीत गेली होती.

"मी स्वतः वापरतो!" तो म्हणाला. "नवा माल निघाला की पहिला पट्टा माझ्या कमरेला. माझ्या आईशपथ सांगतो, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत काडीचा बदल नाही. बदल म्हणजे पहिलं चुकलं होतं असं म्हणणं. आमचं चुकलेलं नाही."

"पोहण्याच्या बाईंचं चुकलं."

"म्हातारं माणूस हो. मी त्यांना दोष देत नाही." त्याने खुर्चीवरचा पट्टा ओढून घेतला. "हे बघा, मलाच हे टोक लावताना चष्मा लागतो. वर काय, खाली काय, बघावं लागतं, उलटं धरलं तर जात नाही. मग त्यांना काय दिसणार? भलत्याच चार्जरचं टोक बळेबळे खुपसलं असेल, झालं."

त्याने चष्मा लावून, टोक उलटंसुलटं करून, दुसऱ्या खेपेला बसवून दाखवलं. टोक चपटं होतं.

तपासनीस त्याच्या हाताकडे बघत राहिली. इस्पितळातल्या उशीतून आलेला आवाज तिला पुन्हा ऐकू आला. डोळे मिटून. त्याला खाली नाही, वर नाही.

ती उठली आणि जिने उतरून थेट चाचणीखोलीत गेली.

५

जळका पट्टा म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा ढेकूळ होता. टोक घालायचं तोंड त्यात कुठे बुजून गेलं होतं. चिमट्याने ती कवच सोलायला लागली, दाताच्या डॉक्टरच्या सावधपणाने, आणि शेवटी काळ्यातून पिवळं चमकलं. पितळेचं कडं. वाटोळं.

तिने पेटीतल्या नकली चार्जरचं टोक त्याला लावून पाहिलं. ते चपटं होतं. दोघांची गाठ या जन्मात पडणं शक्य नव्हतं.

बाईंच्या पट्ट्याचं तोंड गोल, मालकाच्या पट्ट्याचं चपटं. म्हणजे पट्टा बदललेला होता. आणि नुसतं तोंड बदलायला कुणी सगळी रचना उपसत नाही, आत आणखी काहीतरी बदललं असणार. तिने कात्रीने जळका पट्टा मधोमध उसवला. तापणारी तार बरोबर तिथून गेली होती जिथे पट्ट्याची घडी पडत होती. घडी घालून पिशवीत ठेवा, असं खोक्यावर चित्रच होतं. रोज घडी, रोज तार वाकणार, एक दिवस तुटणार आणि ठिणगी पडणार, तीही बॅटरीच्या शेजारी.

ती वर गेली आणि रचनाप्रमुखाच्या टेबलावरचा नमुन्याचा नवा पट्टा न विचारता उसवला. तार घडीच्या अलीकडेच वळवलेली होती. बॅटरी दुसऱ्या टोकाला.

"सुंदर," ती म्हणाली. "फारच देखणं."

 कंपनीतल्या माणसांना सगळं माहीत होतं. दोष सापडला, नव्या मालात गुपचूप दुरुस्त केला, आणि जुना माल ज्यांच्या कमरेला होता त्यांना तसाच राहू दिला. सांगितलं असतं तर चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाईंची लेक होती.

"मघाशी सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "मी तेव्हा दोन पट्टे घेतले होते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी. एक आईला आणि एक सासूबाईंना."

"सासूबाईंचा कुठे आहे?"

"त्यांच्याकडेच."

"घरात कुठे?"

"कमरेला. या वेळी त्या शेक घेत पडतात."

"फोन ठेवा," चिमटाबाई ओरडली, "आणि त्यांना करा. तो पट्टा आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. आत्ता!"

फोन बंद झाला. पुढचा काही वेळ ती मालकाच्या इमारतीत, गुलाबाच्या वासात, हातातल्या मुक्या फोनकडे बघत उभी राहिली. आयुष्यात तिने पुष्कळ जळकी घरं पाहिली होती, पण सगळी जळून गेल्यावर.

६

सासूबाईंनी पट्टा काढला होता. कुरकुर करत, 'आत्ताच कुठे बरं वाटायला लागलं होतं' म्हणत, पण काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टा तपासनिसाच्या पर्समध्ये होता, आणि मालकाच्या दालनात लांब टेबलाभोवती चौघं बसली होती: मालक, प्रवक्ती, रचनाप्रमुख, दुरुस्तीप्रमुख. तपासनिसाने पट्टा त्याच्या पिशवीतून काढून मालकासमोर ठेवला. शेजारी दोन चार्जर ठेवले, कंपनीचेच, एक गोल टोकाचा, एक चपट्या टोकाचा.

"एवढा चार्जिंगला लावता? मग निघतेच मी."

मालकाने चष्मा चढवला. पट्ट्याकडे न बघताच त्याने चपटा चार्जर उचलला, टोक वर-खाली करून पाहिलं आणि खुपसलं. गेलं नाही. उलटं केलं. तरी नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे काय आणलंय?" तो वैतागून म्हणाला. "हा आमचा पट्टा नाही! नकली आहे हा!"

 प्रवक्तीचं हसू पहिल्यांदाच जागेवरून गेलं. रचनाप्रमुखाने डोळे मिटले आणि म्हणाला, "साहेब, तो आपलाच आहे. जुना."

"जुना म्हणजे?"

"झालं माझं काम," तपासनीस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "पेटीत भलताच चार्जर टाकणारा माणूस कोण, ते आता सांगते. त्याने तुमच्या खालच्या काचेच्या कपाटातून नकली चार्जर काढला. तिथे गोल टोकाचेही आहेत आणि चपट्या टोकाचेही. बाईंचा पट्टा गोल तोंडाचा. म्हणजे ज्याला हे माहीत होतं तो गोल उचलणार. शेजारीच होता. पण याने चपटा उचलला. का? कारण जगात चपट्याशिवाय दुसरा पट्टा असतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"आता इथे कुणाला ठाऊक नाही? दुरुस्तीप्रमुख जुने-नवे दोन्ही दुरुस्त करतात, स्वतःच बोलून गेले. ते डोळे मिटूनही चुकणार नाहीत, आणि डोळे मिटायची त्यांना सवय आहे. रचनाप्रमुखांनी तर तोंड स्वतः बदललं. प्रवक्तीबाईंनी तोंड बदललं म्हणून फोटो नवे काढले. मी मूर्ख, मला वाटलं पोरगी बदलली. उरलं कोण?"

"माझ्यावर आरोप करता?" मालकाच्या आवाजातलं तूप थिजलं.

"पहिला नवा पट्टा नेहमी तुमच्या कमरेला. जुना तुमच्या हातात फार दिवसांत आलाच नाही, त्याचं तोंड गोल होतं हेही विसरून गेलात. बदल झाला तेव्हा तुम्हाला सांगायला आले असतील, तुम्ही कान झाकलेत. मला आजार सांगू नका. उद्या शपथेवर 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय करून ठेवलीत ना? ती सोयच नडली. यातल्या कुणालाही नुसतं विचारलं असतंत तरी बरोबर चार्जर उचलला असतात, आणि मी काल सही करून गेले असते. बाकी तुम्ही हौसेने केलंत. मेणबत्तीवर काळा केलात, पिनासुद्धा सोडल्या नाहीत. भिंतीत खुपसलेल्या पिना काळ्या कशा होतील, हा विचार करायलाही कुणी माणूस ठेवायला हवा होता."

"हे सिद्ध होत नाही," मालक म्हणाला.

"मी होतो तिथे," दुरुस्तीप्रमुख एकदम बोलला. सगळे त्याच्याकडे वळले.  "म्हणजे, मी दारातून बघितलं. साहेब पेटीला चिकटपट्टी लावत होते. मी मागे फिरलो."

"शाब्बास," चिमटाबाई म्हणाली. "उशीर केलात, पण शाब्बास."

मालक सगळ्यांकडे पाळीपाळीने बघत राहिला. मग खांदे पाडून म्हणाला, "कंपनी बुडाली असती. एवढी माणसं कामाला आहेत. मी त्यांच्यासाठी..."

"त्यांच्यासाठी?" तिला हसू आवरेना, आणि ते चांगलं हसू नव्हतं. "पट्टा जळतो हे कळल्या दिवशी नुसतं सांगितलं असतंत, 'लोकहो, चुकलं, काढून ठेवा, बदलून देतो', तर चार दिवस शिव्या खाल्ल्या असत्या आणि पाचव्या दिवशी लोकांनी तुमचाच पट्टा घेतला असता. चूक कुणाची होत नाही? पण तुम्ही घर शाकारलंत फक्त स्वतःचं, आणि ज्यांना गळका माल विकला त्यांना म्हणालात, तुम्हीच ओले राहता. आता ऐका. विमा कंपनी तुमच्या वतीने भरपाईचा एक पैसा देणार नाही, ती तुम्हीच भरायची, आणि हे सगळं मी आजच पोलिसांना देणार आहे. त्याआधी जाहिरात निघेल."

प्रवक्तीने सवयीने लेखणी काढली. "'काही निवडक उत्पादनांमध्ये अत्यंत दुर्मिळ परिस्थितीत...'"

"खोडा."

"'खबरदारीचा उपाय म्हणून ऐच्छिक...'"

"तेही खोडा. लिहा: गोल तोंडाचा पट्टा जळतो. आम्हाला माहीत होतं. कमरेला असेल तर आत्ता काढा."

लेखणी थबकली. प्रवक्तीने मालकाकडे पाहिलं. मालकाने टेबलाकडे. मग तिने लिहिलं. अक्षर लहान मुलासारखं आलं.

७

जाहिरात दुपारच्या बातम्यांत निघाली आणि संध्याकाळच्या आत दुरुस्ती विभागाचे सगळे फोन वाजायला लागले. पोलिसांनी मालकाचा जबाब घेतला, वकिलाने जामीन मिळवला. त्या वकिलाच्याच सल्ल्याने असेल, मालक इस्पितळात आला. हातात फुलांची टोपली, मागे प्रवक्ती, तिच्या मागे कॅमेरेवाला.

पोहण्याच्या बाईंना आता कुशीवर वळता येत होतं. लेक त्यांना चमच्याने पेज भरवत होती. सकाळीच ती आईच्या हातावर कपाळ टेकून बराच वेळ रडली होती, आणि बाईंनी तिला "पुरे, चादर भिजतेय" म्हणून गप्प केलं होतं. तपासनीस जबाबावर सही घ्यायला आली होती, ती कोपऱ्यात सरकली.

"कॅमेरा बाहेर," बाई म्हणाल्या. तो गेला. त्या आवाजापुढे भलेभले पाण्यात उतरलेले होते.

मालकाने टोपली पायाशी ठेवली. "मला माफ करा, बाई. मनापासून सांगतो."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरं बुडताना बघितली आहेत मी," त्या म्हणाल्या. "घाबरून कुणी काठावर उभा राहिला तर मी त्याला कधी बोलले नाही. भीती वाटतेच. पण बुडणाऱ्याकडे बोट दाखवून 'हा नीट पोहत नव्हता' म्हणणारा अजून बघितला नव्हता. तेही बघून झालं."

 लेकीने टोपली उचलून त्याच्या हातात परत दिली.

"माफीचं मग बघू," बाई म्हणाल्या. "किती पट्टे काढून झाले लोकांचे?"

"ते... माहीत नाही."

"आणि किती अजून कमरेला आहेत?"

मालकाने प्रवक्तीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मग इथे काय करतोस?" पोहण्याच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेजेसाठी तोंड उघडलं. "जा. मोजून ये."